नळाची तोटी सगळे दाखवतात, ड्रेनेजचं तोंड कुणी दाखवत नाही

आज पिकाची नोंद नाही. आज पाण्याचं बोलायचंय, आणि जरा स्पष्टच बोलायचंय.

महापालिकेत नव्याने गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या गावांत सध्या एकच मागणी ऐकू येते. "आम्हाला नळ द्या, ड्रेनेज लाईन द्या, या सेफ्टी टँकच्या कटकटीतून एकदाचं सोडवा." मागणी चुकीची नाही. जो कर भरतो त्याला पाणी मिळालंच पाहिजे आणि त्याची घाण उचललीही गेली पाहिजे. पण लाईन आपल्या दारातून कधी जाणार हे सगळे विचारतात, ती कुठे संपणार हे कुणी विचारत नाही. आम्ही ती संपते तिथे राहतो. पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठाला. म्हणून हा प्रश्न आम्हीच विचारायचा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसायला नको. ज्या लाईनच्या शेवटाला चालू असलेलं शुद्धीकरण केंद्र नाही, ती लाईन टाकू नये. आणि जिथे लाईन परवडत नाही किंवा चालणार नाही, तिथे सेफ्टी टँक नीट बांधून, वेळेवर उपसून चालवावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

टाकी नेमकं काय करते

सेप्टिक टँकला आपल्याकडे सेफ्टी टँक म्हणतात. नावात सेफ्टी आहे, कामात ती आपोआप येत नाही. टाकीत मैला आला की जड भाग तळाला बसतो, तेलकट-हलका भाग वर साय धरतो, आणि मधलं पाणी पुढच्या तोंडातून बाहेर पडतं. तळाचा गाळ हळूहळू कुजतो. एवढंच तिचं काम. बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं असलं तरी त्यात रोगजंतू असतात, नत्र असतं, मीठ असतं. ते पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत गाळलं जावं, असा हिशोब आहे. म्हणजे टाकी हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम जमीन करते.

आता आपल्या भागातली जमीन बघा. वर काळी, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही आणि भेगेत शिरलेलं पाणी गाळलं जात नाही, सरळ शेजारच्या बोअरला जातं. भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब असावा असं सांगितलंय. १८ मीटर म्हणजे जवळपास ६० फूट. एक-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर बांधलेल्या घराला ६० फूट आणायचे कुठून? तुमची टाकी माझ्या बोअरशेजारी, माझी टाकी त्याच्या बोअरशेजारी. गावठाणात आणि नव्या प्लॉटिंगमध्ये हेच चाललंय.

वर बऱ्याच ठिकाणी शोषखड्डाच नसतो. टाकीचं पुढचं तोंड थेट गटारात नाहीतर ओढ्यात सोडलेलं असतं. बांधताना गवंड्याला सांगितलेलं असतं, "मोठी टाकी कर, पुन्हा उपसायला नको." पंधरा-वीस वर्षं उपसली नाही याचा लोक अभिमान सांगतात. अहो, दोन-तीन वर्षांनी उपसा करायची टाकी वीस वर्षांत भरली नाही, याचा अर्थ गाळ खालून मुरतोय नाहीतर पुढच्या तोंडातून वाहून चाललाय. तिसरा अर्थ नाही.

म्हणजे आहे ती स्थिती चांगली आहे असं मी म्हणत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या बाजूला, जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडले. पुणे परिसरात दोनशेच्या वर संशयित रुग्ण नोंदले गेले, माणसं गेली, कित्येक जण व्हेंटिलेटरवर गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू मिळाला. हा जीवाणू विष्ठेने बाधित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. ही गावं महापालिकेत आलेली होती. धरण हाकेच्या अंतरावर. आणि तरीही बऱ्याच घरांना गाळणीचं पाणी नव्हतं, विहिरीतल्या पाण्यात क्लोरीन टाकून पुरवठा होत होता, बाकी बोअर, टँकर आणि विकतचे जार. गाव महापालिकेत गेलं म्हणजे प्रश्न मिटला, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या महिन्याच्या बातम्या पुन्हा काढून वाचाव्यात.

नळ आला की काय होतं, त्याचा हिशोब

जलजीवन मिशनमध्ये खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. ड्रेनेज असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर. आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हा अभियंत्यांचा नेहमीचा हिशोब.

पाच माणसांचं घर घ्या. ५५ लिटरने रोज २७५ लिटर पाणी येतं, २२० लिटर बाहेर पडतं. १३५ लिटरने ६७५ येतं आणि ५४० लिटर बाहेर पडतं. टाकी तीच, शोषखड्डा तोच, जमीन तीच, पाणी अडीचपट. टाकीत पाणी थांबायला वेळच मिळत नाही. गाळ बसायच्या आत वाहून पुढे जातो, शोषखड्ड्याच्या विटांची तोंडं बुजतात, खड्डा वर येतो. मग एका रात्री घरमालक चार इंची पाईप आणतो आणि टाकीचं तोंड रस्त्याच्या गटाराला जोडून टाकतो. गटार ओढ्याला, ओढा नदीला.

असं हजार घरांनी केलं की रोज ५ लाख ४० हजार लिटर मैलापाणी. कुणी ठराव केला नाही, टेंडर निघालं नाही, आणि गावाची ड्रेनेज लाईन तयार झाली. फक्त तिचं नाव ओढा.

म्हणून मी म्हणतो, नळाचं टेंडर आणि सांडपाण्याचं टेंडर एकाच कागदावर पाहिजे. नळ आज, ड्रेनेज पाच वर्षांनी, केंद्र देवाच्या मनात असेल तेव्हा, हा क्रम उलटा आहे. पण पुढाऱ्याला हाच क्रम सोयीचा. नळाच्या तोटीला हार घालून फोटो काढता येतो. शुद्धीकरण केंद्राच्या तलावाशेजारी उभं राहून कोण फोटो काढणार?

लाईन कुठे संपते

पुण्याचंच उदाहरण घेऊ, कारण ते आमच्या अंगावर येतं. नदी सुधारण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. सुमारे ९९० कोटींची योजना, ११ शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. मूळ मुदत २०२२ची होती. ती उलटून गेली आणि मुदतवाढी मिळत राहिल्या. आता तारखा जुळवून बघा. करार २०१६चा. ११ गावं आली २०१७ला, २३ आली २०२१ला. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे परत बाहेर काढली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कागदावर हद्द पुढे सरकते, मागे सरकते. मैलापाणी मात्र कायम उताराकडेच सरकतं. घर वाढवत नेलं आणि मोरी जुन्या मापाचीच ठेवली, तर पाणी अंगणात येणारच. आमचं शिवार म्हणजे ते अंगण.

दुसरी गोष्ट मुंढव्याच्या जॅकवेलची. शहराने खडकवासल्याचं चांगलं पाणी जास्त घ्यायचं, आणि त्याच्या बदल्यात शुद्ध केलेलं सांडपाणी मुंढव्यातून उचलून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे आपल्या बेबी कालव्यात, शेतीला सोडायचं. वर्षाला साडेसहा टीएमसीचा आकडा ठरला होता. कल्पना वाईट नाही. पाणी दोनदा वापरलं जातं, कालवा वाहता राहतो. पण त्या वाक्यातला एक शब्द सगळ्यात महत्त्वाचा होता: शुद्ध केलेलं. किती दिलं, किती नाही, यावर महापालिका आणि पाटबंधारे यांची पत्रापत्री होत राहते. कसं दिलं, हे बेबी कालव्यावर दारं धरायला उभा राहणारा सांगतो. फेस, वास, आणि पायाला सुटणारी खाज. बदल्याचा व्यवहार असेल तर माल बघून घ्यायचा हक्क दोघांना असतो. आम्ही दिलेलं पाणी धरणातलं होतं.

आणि गोष्ट आमच्यापाशी थांबत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीचं पाणी सोलापूरकर पितात आणि तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. वरच्याने ओढ्यात सोडलेली टाकी खालच्याच्या तीर्थात पोहोचते. यात कुणी परका नाही.

"तुम्हाला फुकट खत मिळतंय की!"

हे वाक्य शहरातल्या माणसाकडून ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्याही काहींकडून. नदीचं पाणी उसाला मानवतं, युरिया कमी लागतो, बारमाही पाणी आहे, मग तक्रार कसली? याला भावनेने उत्तर द्यायचं नाही. आकड्याने देऊ.

शहरी मैलापाण्यात लिटरमागे साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम नत्र असतं. मधला आकडा ५० धरा. एक एकराला दोन इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर पाणी दिलं तर ते होतं साधारण दोन लाख लिटर. दोन लाख लिटर गुणिले ५० मिलिग्रॅम म्हणजे १० किलो नत्र. एका पाळीत १० किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र असतं सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. म्हणजे दर पाळीला जवळपास अर्धी गोणी युरिया पाण्यातून पडतो, तुमची इच्छा असो वा नसो.

उसाला वर्षाला पंचवीस पाळ्या धरल्या तर एकरी २५० किलो नत्र झालं. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलोची, म्हणजे एकरी १००. आडसालीची हेक्टरी ४००, म्हणजे एकरी १६०. थोडं नत्र हवेत उडतं, थोडं खाली जातं, हे धरूनही शिफारशीच्या पुढेच. आणि वरून आपण सवयीने दोन-चार गोण्या टाकतोच. त्यात एक गोची अशी की खताचा डोस आपण आपल्या हाताने थांबवू शकतो, पाण्यातलं नत्र थांबवता येत नाही. पक्वतेच्या वेळी उसाला नत्र नको असतं, तेव्हाही ते येतच राहतं.

परिणाम काय, ते इथले शेतकरी आणि कृषी सहाय्यक दोघांनाही माहीत आहेत. ऊस हिरवागार, लांब, आणि लोळलेला. पक्वता लांबते, साखर भरत नाही, उतारा पडतो. कांद्याला असं पाणी दिलं की पात जोरात, मान जाड, आणि चाळीत घातला की सडतो. कोथिंबीर, मेथी, पालक ही तर सरळ तोंडात जाणारी पिकं. त्यांच्यावर हे पाणी पाटाने गेलं तरी पानाला चिखल उडतो, आणि चिखलासोबत जंतू. सकाळी जुडी बांधून मार्केटला जाते आणि ज्या शहराने ते पाणी सोडलं त्याच शहराच्या ताटात परत येते. याला कर्म म्हणा, नाहीतर पुनर्वापर म्हणा.

नत्राहून वाईट गोष्ट म्हणजे मीठ. साबण, निरमा, मोरीतलं पाणी, सगळ्यात सोडियम. नत्र पीक उचलून नेतं, सोडियम जमिनीतच बसतं. निचऱ्याच्या जमिनीत पावसाळा थोडं धुऊन नेतो. भारी काळ्या जमिनीत ते मातीचे कण मोकळे करतं, वरची पापडी घट्ट होते, पाणी वर साचतं आणि जमीन चोपण होते. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, चर, ताग-धैंचा आणि काही वर्षं लागतात. त्या वर्षांचं भाडं कोण देणार? त्यात कारखान्यांचं पाणी याच लाईनला जोडलेलं असेल तर धातूही आले. ते तर जिप्समनेही जात नाहीत.

म्हणजे खत फुकट नाही. त्याची किंमत जमिनीतून वसूल होते, एवढंच.

मग शेतीला हे पाणी नकोच का?

हवं. नीट केलेलं हवं. हा माझ्या म्हणण्याचा मुख्य भाग आहे, तो सोडून कुणी मला "विकासविरोधी" म्हणू नये.

आधीचाच हिशोब उलटा करून बघा. हजार घरांचं रोजचं ५ लाख ४० हजार लिटर पाणी म्हणजे रोज अडीच एकर भिजतं. दहा दिवसांची पाळी धरली तर पंचवीस एकर बारमाही. एका मध्यम गावाच्या सांडपाण्यावर पंचवीस एकर! दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला विचारा पंचवीस एकराची किंमत. हे पाणी उन्हाळ्यात आटत नाही, रोटेशनची वाट बघायला लावत नाही. गाळ बसवलेलं, जंतू मारलेलं, मीठ आणि नत्र मोजलेलं पाणी मिळालं तर शेतकरी त्याला पैसेही देईल.

आणि हे करता येतं. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं पाणी उचलून कोलार जिल्ह्यातले तलाव भरले जातात. तिथेही पाण्याच्या दर्जावरून वाद झाले, कोर्टापर्यंत गेले, आणि ते व्हायलाच पाहिजेत. पण वीज केंद्राला द्यायचं पाणी मोजून-तपासून द्यावं लागतं आणि शेतकऱ्याला द्यायचं पाणी मात्र "चालतंय की" म्हणून सोडायचं, हा न्याय कुठला? यंत्र तक्रार करतं म्हणून त्याला चांगलं पाणी. जमीन तक्रार करत नाही, दहा वर्षांनी एकदम पीक देणं बंद करते.

वाड्या-वस्त्यांना लाईन हवीच असं नाही

आता दुसरी बाजू. महापालिकेत गाव गेलं म्हणजे प्रत्येक वस्तीपर्यंत ड्रेनेज लाईन आलीच पाहिजे, हा हट्टही तपासून घ्यावा लागेल.

ड्रेनेज लाईन उताराने वाहते. तिच्यातला मैला पुढे ढकलला जायला पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो. जिथे घरं विरळ, शे-दोनशे फुटांवर एक घर, आणि पाणी बेताचं, तिथे हा वेग मिळत नाही. मैला पाईपात बसतो, चेंबर तुंबतं, आणि उन्हाळ्यात रस्त्यावर येतं. मग जेटिंग मशीन, मग पंपिंग स्टेशन, मग त्याचं वीजबिल. लाईट गेली की पंप बंद, आणि पंप बंद की चेंबरमधून ओढ्यात. लाखो रुपये घालून शेवटी ओढाच.

अशा वस्तीला चांगली टाकी किंवा दोन खड्ड्यांचा संडास हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे. दोन खड्ड्यांत एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा, आत मातीसारखं खत होतं. स्वच्छ भारतमध्ये १२ हजाराच्या अनुदानाबरोबर हेच शिकवलं जात होतं. आपण अनुदान घेतलं आणि सल्ला सोडून दिला. दोन छोट्या खड्ड्यांऐवजी एक भली मोठी टाकी बांधली, कारण शेजाऱ्याने बांधली होती.

टाकी ठेवायची तर उपसा आलाच. आणि उपसा म्हणजे गाडी बोलवायची, तीही तुंबल्यावर, अशी आपली पद्धत. गाडीवाला पैसे घेतो, टाकी रिकामी करतो आणि रात्री एखाद्या पडीक रानात नाहीतर ओढ्यात सोडून जातो. तो तरी नेणार कुठे? त्याला रिकामी करायची जागा कुणी दिलीय?

ज्यांनी दिली त्यांचं काम चाललंय. आपल्याच राज्यात वाई आणि सिन्नर या दोन नगरपालिकांनी तुंबायची वाट न बघता वेळापत्रकाने, साधारण दर तीन वर्षांनी, घरोघरच्या टाक्या उपसायचं ठरवलं. मैला गाळावर प्रक्रिया करायचं केंद्रही उभारलं. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ मध्येच मैला गाळाचं केंद्र सुरू झालं. छोट्या शहरांना, ज्यांच्याकडे पुण्याएवढे पैसे नाहीत, त्यांना हे जमलं. म्हणून "परवडत नाही" हे उत्तर मोठ्या महापालिकेच्या तोंडी शोभत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि इथे कुणी हलक्यात घेऊ नये. टाकीत माणूस उतरवायचा नाही. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत टाकी उपसताना चार जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाघोलीत तीन जण गेले. एक खाली उतरतो, गॅसने पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते पाप होतंच. ज्या गावात वेळापत्रकाने गाडी येते तिथे कुणाला उतरावं लागत नाही. टाकी वीस वर्षं बंद ठेवायची आणि मग कुणातरी गरिबाला आत पाठवायचं, यात कसली बचत?

उपसलेल्या गाळाचं खत होतं, हे खरं. पण ताजा मैला थेट शेतात ओतून घेऊ नका, कितीही गयावया केली तरी. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. गाळ नीट वाळवून, कुजवून, तपासूनच शेतात घ्यायचा.

तर मग मागायचं काय

ग्रामसभा असो, प्रभागाची बैठक असो, आमदाराचा दौरा असो. नुसतं "लाईन द्या" म्हणू नका. एवढं मागा:

१. लाईनच्या टेंडरमध्ये तिचं शेवटचं टोक नकाशावर दाखवा. तिथे केंद्र चालू नसेल तर घरांच्या जोडण्या देऊ नका.

२. नळाचं पाणी वाढवायचं असेल तर त्याच कागदावर वाढीव सांडपाणी किती आणि ते कुठे जाणार, हे लिहा.

३. दाट वस्तीला लाईन, विरळ वस्तीला टाकी किंवा दोन खड्डे. टाकी असलेल्या घरांना वेळापत्रकाने उपसा, आणि त्याचा खर्च घरपट्टीतच धरलेला. तुंबल्यावर फोन, ही पद्धत बंद.

४. मैला गाडीला रिकामी करायची जागा, आणि गाडी कुठे रिकामी झाली याची नोंद. नोंद नाही तर बिल नाही.

५. पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडू नका. पावसाळ्यात केंद्रात मावत नाही म्हणून सगळंच पाणी नदीत सोडायला तेवढंच निमित्त मिळतं.

६. कारखान्यांचं पाणी घरांच्या लाईनपासून वेगळं. यात तडजोड नाही.

७. कालव्यात किंवा नदीत सोडणाऱ्या पाण्याची तपासणी सोडायच्या जागी, आणि अहवाल खालच्या गावांच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. बीओडी, जंतू, नत्र, क्षार, सोडियम. सगळे आकडे मराठीत.

सातवी मागणी खालच्या गावांनी लावून धरायची आहे. पाणी पाठवणाऱ्याने माल कसा आहे ते सांगितलंच पाहिजे. खताच्या पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाश छापल्याशिवाय ती विकता येत नाही. मग कालव्यातून दर पाळीला अर्धी गोणी युरिया येतोय, त्याच्यावर छाप का नको?

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मंडळींनाही एक विनंती. नदीकाठच्या आणि बेबी कालव्यावरच्या शेतकऱ्याला खताची शिफारस देताना माती परीक्षणाबरोबर पाणी परीक्षणही मागा. आणि पाण्यातलं नत्र वजा करून डोस सांगा. आज शिफारस एक आणि पाण्यात येतंय तिच्या दुप्पट. अशा शिफारशीचा कागद फक्त फाईलला उपयोगी.

शेतकऱ्यांनी तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करावं. नदीचं पाणी असेल तर युरियाचा हात आखडता घ्या. पालेभाजी बोअरच्या पाण्यावर ठेवा, नदीचं पाणी उसाला, गवताला, झाडांना. दोन-तीन वर्षांतून एकदा मातीचा सामू, क्षारता आणि सोडियम तपासा. चर मोकळे ठेवा. पिण्याच्या विहिरीचं पाणी नायट्रेटसाठी तपासून घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे, आणि ते चवीने कळत नाही, वासाने कळत नाही.

वरच्या गावांतल्या भावांनो, आपलं भांडण तुमच्या नळाशी नाही. तुम्हीही कालपर्यंत शेतकरीच होता, तुमच्यातल्या अनेकांच्या सातबाऱ्यावर आजही जमीन आहे. नळ घ्या, लाईन घ्या, हक्काने घ्या. फक्त सही करायच्या आधी नकाशावर शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवा आणि विचारा, "साहेब, इथे काय आहे?" उत्तर "नाला" असं आलं तर सही करू नका. त्या नाल्याच्या पुढे आमची सरी आहे.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. ग्रामसभेच्या आधी टाका, नंतर नको.